शिकणाऱ्या पोरांवर पट्टी नको!



गळीत हंगाम संपला, उसाची बिलं हातात पडू लागली, की आपल्या घराघरांत दोनच विषय निघतात. एक खोडव्याचा आणि दुसरा पोरांच्या ॲडमिशनचा. सोसायटीची वसुली कापून, खताची उधारी भागवून हाती जे राहतं, त्यातला मोठा वाटा हल्ली कॉलेजची फी, रूमचं भाडं आणि मेसचा डबा यांतच जातो. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पोरगं शिकलं पाहिजे, पोरगी शिकली पाहिजे, यावर आज बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दुमत उरलेलं नाही.

पण याच सुमारास पारावर, चावडीवर आणि चहाच्या टपरीवर अधूनमधून एक वेगळीच भाषा कानी येते. "खाजगी कॉलेजात बाहेरची इतकी पोरं येतात, आपले रस्ते वापरतात, आपलं पाणी पितात, कचरा आपल्या दारात टाकतात. मग ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं माणशी वर्षाला काही फी का लावू नये?" बोलणारा वाईट हेतूनं बोलतो असं नाही. तिजोरीत खडखडाट असला की सरपंचालाही हा उपाय सोपा वाटतो. तरीही आम्हांला स्पष्ट सांगायचं आहे, की ही फी लावू नये. ती घातक आहे, आणि तिचा भार शेवटी तुमच्या-आमच्या उसाच्या बिलावरच पडणार आहे. असं आम्ही का म्हणतो ते क्रमानं मांडतो. सभासदांनी शांतपणे वाचावं आणि मग आपलं मत बनवावं.

गावाची बाजूही खोटी नाही

आधी गावाचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. कॉलेज आलं की गावाची वस्ती वाढते. ज्या नळयोजनेचा आराखडा हजार घरांसाठी केला होता, तिच्यावर वसतिगृहांचा भार येतो. गटारी तुंबतात, रस्त्यावर दुचाकींची गर्दी होते, दिवाबत्तीचा खर्च वाढतो. शिक्षणसंस्थांच्या इमारतींना करात कुठं सूट, तर कुठं सवलत असते. म्हणजे गावातली सगळ्यांत मोठी इमारत घरपट्टी मात्र छोट्या वाड्याएवढी देते, असंही घडू शकतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गावांना वित्त आयोगाचा जो निधी मिळतो, तो वाटताना मुख्य मोजमाप लोकसंख्येचं असतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ या वर्षांत, त्यासाठी २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले गेले. २०११ नंतर ज्या गावात वसतिगृहं उभी राहिली, त्या गावातली हजार-दोन हजार पोरं या हिशेबात आलीच नाहीत. पाणी मात्र ती रोज वापरतात. सरपंच कळवळून बोलतो त्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. दुखणं खरं आहे. आमचा वाद आहे तो औषधाबद्दल.

अमेरिकेतल्या एका शहराची हकीकत

ही कल्पना आपल्याच डोक्यातून निघाली आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी असलेल्या प्रॉव्हिडन्स शहरात २००९ साली नेमका हाच प्रस्ताव आला होता. शहरात ब्राउन विद्यापीठ, प्रॉव्हिडन्स कॉलेज, जॉन्सन अँड वेल्स आणि ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन अशा चार मोठ्या खाजगी शिक्षणसंस्था आहेत. त्यांत पूर्ण वेळ शिकणारे सुमारे २५,००० विद्यार्थी होते. मंदीचे दिवस होते आणि शहराच्या अंदाजपत्रकात १ कोटी ७० लाख डॉलरचा खड्डा पडला होता. महापौर डेव्हिड सिसिलिनी यांनी सुचवलं, की या खाजगी कॉलेजांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून दर सत्राला १५० डॉलर घ्यावेत. त्या वेळच्या दरानं हे सात हजार रुपयांच्या पुढं जातात, आणि वर्षाची सत्रं दोन. शहराला त्यातून वर्षाला ६० ते ८० लाख डॉलर मिळतील असा अंदाज होता.

युक्तिवाद आपल्या पारावरचाच होता. विद्यार्थी शहराच्या सोयी वापरतात, तर त्यांनीही थोडा भार उचलावा. विद्यार्थ्यांचं उत्तरही कुणालाही पटण्यासारखं होतं. आम्ही भाडं देतो, दुकानांत खरेदी करतो, घरमालक आमच्याच भाड्यातून शहराचा कर भरतो. वर आणखी पट्टी कशासाठी? आणि फक्त खाजगी कॉलेजवाल्यांनाच का? या चार संस्थांनी २००३ सालीच शहराशी करार केला होता आणि २० वर्षांत मिळून जवळजवळ ५ कोटी डॉलर शहराला द्यायचं कबूल केलं होतं. शहराला अशी फी स्वतःच्या अधिकारात लावता येत नव्हती. त्यासाठी राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागणार होती. विधेयक गेलं, चर्चा झाली, पण त्याचा कायदा झाला नाही.

पुढं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. शहराची पैशाची गरज काही संपली नव्हती. मग शहरानं विद्यार्थ्यांचा नाद सोडून संस्थांकडं मोर्चा वळवला. २०१२ साली ब्राउन विद्यापीठानं ११ वर्षांत ३ कोटी १५ लाख डॉलर जादा द्यायचं मान्य केलं. २०२३ साली चारही संस्थांशी नव्यानं बोलणी झाली आणि २० वर्षांसाठी मिळून २२ कोटी डॉलरच्या वर रक्कम ठरली. पोरांच्या खिशात हात घालून जे मिळालं नाही, ते संस्थांसमोर बसून मिळालं, आणि तेही जास्तच.

२००९ सालीच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरातही हेच घडलं. महापौर ल्यूक रॅव्हनस्टॉल यांनी कॉलेजच्या फीवर १ टक्का कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. शहराच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडातली तूट भरून काढायची होती आणि वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर जमतील असा हिशेब होता. त्याला त्यांनी 'न्याय्य वाट्याचा कर' असं गोड नाव दिलं. पण विद्यार्थी आणि विद्यापीठं एकदिलानं उभी राहिली, आणि डिसेंबर २००९ मध्ये महापौरांनी प्रस्ताव मागं घेतला. पिट्सबर्ग विद्यापीठ, कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि एक मोठी आरोग्य विमा कंपनी यांनी स्वेच्छेनं देणगी द्यायची तयारी दाखवली, त्यावर तडजोड झाली.

विलायतेनंही हात पोळून घेतले

अमेरिकेत प्रस्ताव कागदावरच राहिला. विलायतेत मात्र तो प्रत्यक्षात आला. मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना घरपट्टीऐवजी डोईपट्टी आणली गेली. स्कॉटलंडमध्ये १९८९ साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९९० साली ती लागू झाली. घर मोठं की छोटं हे न पाहता प्रत्येक प्रौढ माणसावर पट्टी, असा तो मामला. विद्यार्थ्यांना सवलत म्हणून पाचवा हिस्सा भरायला सांगितलं.

सवलत दिली म्हणून विद्यार्थी खूश झाले नाहीत. ज्याची कमाईच नाही, त्याला पाचवा हिस्साही जड जातो. शिवाय विद्यार्थी आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत. त्यांची यादी ठेवायची, नोटिसा पाठवायच्या, वसुली करायची, यातच स्थानिक कचेऱ्यांच्या नाकी नऊ आले. जनतेचा संताप एवढा झाला की ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये मोठी दंगल उसळली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात थॅचरबाईंनी राजीनामा दिला, त्याला जी कारणं झाली त्यांत ही पट्टी एक होती. १९९३ साली ती रद्द होऊन नवी घरपट्टी आली. तिच्यात पूर्ण वेळ विद्यार्थ्याला मोजणीतूनच वगळलं गेलं, आणि ज्या घरात फक्त विद्यार्थीच राहतात त्या घराला ही घरपट्टी माफ झाली. जे राष्ट्र पै-पैचा कर वसूल करण्यात तरबेज, त्यानं तीन-चार वर्षांत हा उद्योग गुंडाळला. तो आपण नव्यानं का उघडावा?

आपला कायदा काय म्हणतो

आता घरच्या कायद्याकडं येऊ. आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदात सरळ सांगितलं आहे, की कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता येणार नाही की वसूल करता येणार नाही. पंचायतींना कर लावण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळानं द्यायचा असतो. तो आपल्याकडं १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या १२४ व्या कलमानं दिला आहे. त्यात इमारती आणि जमिनी आहेत, यात्रेकरू आहेत, जत्रा आणि करमणूक आहे, सायकली आणि जनावरांच्या गाड्या आहेत, बाजाराची फी आहे, पाणीपट्टी आहे. शिकणाऱ्या पोराचं नाव त्यात कुठं नाही.

यावर कुणी म्हणेल, "यात्रेकरूवर कर चालतो, मग विद्यार्थ्यावर का नाही?" उत्तर सोपं आहे. यात्रेकरूचं नाव कायद्यानं घेतलं आहे, विद्यार्थ्याचं घेतलेलं नाही. नाव नसताना पट्टी लावायची म्हणजे सातबारावर नाव नसताना शेतात नांगर घालण्यासारखं आहे.

"मग कर म्हणू नका, फी म्हणा," अशी पळवाट काढली जाते. तिथंही कायदा आडवा येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली शिरूर मठाच्या प्रसिद्ध खटल्यात कर आणि फी यांतला फरक सांगितला. कर हा सर्वांच्या सामाईक खर्चासाठी असतो. फी ही विशिष्ट सेवेच्या बदल्यात घ्यायची असते. पुढच्या निकालांत पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे हा आग्रह सैल झाला, पण सेवेशी काही नातं हवं ही गोष्ट कायम राहिली.

आपल्याला हे कोर्टानं शिकवायची गरज नाही. नीरा डाव्या कालव्यावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. पाटबंधारे खातं पाणीपट्टी घेतं ती भिजलेल्या क्षेत्राची. टेलच्या शेतकऱ्याच्या रानात पाणीच पोचलं नाही, तर तो पट्टी भरायला तयार होईल का? इंदापूर तालुक्यातल्या टेलवाल्याला विचारा, तो नीट समजावून सांगेल. विद्यार्थ्याकडून फी घेणार असाल, तर त्या बदल्यात त्याला वेगळं काय देणार, ते आधी सांगा. रस्ता सगळ्यांचा, दिवा सगळ्यांचा. खोलीची घरपट्टी आणि नळाची पाणीपट्टी घरमालक भरतो आणि ती भाड्यातून पोराकडूनच वसूल करतो. एकाच रानाला दोनदा पट्टी लावण्याचा हा प्रकार झाला.

कायद्याची पूर्ण बाजू सांगायची, तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घटनेच्या राज्य सूचीत ६१ वी नोंद दरडोई कराची आहे. म्हणजे उद्या राज्याच्या विधिमंडळानं मनावर घेतलं, तर डोईपट्टीचा कायदा होऊच शकत नाही असं नाही. म्हणून केवळ "कायद्यात बसत नाही" एवढ्यावर विसंबून आपण गप्प बसू नये. ही पट्टी न्यायात बसते का, हा खरा प्रश्न आहे.

भार पडतो कुणावर?

"खाजगी कॉलेजात जातो तो पैसेवाला," ही समजूत आपल्या भागात तरी साफ चुकीची आहे. खाजगी कॉलेज म्हणजे काय, हे आधी पाहा. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं, ते अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचं. विद्या प्रतिष्ठान स्थापन झालं १९७२ साली. माळेगाव आणि सोमेश्वरनगरला कारखान्याच्या परिसरात कॉलेजं उभी राहिली, इंदापुरात स्थानिक मंडळानं कॉलेज काढलं. ही सगळी कायद्याच्या भाषेत खाजगी संस्थांचीच कॉलेजं. सरकारी कॉलेज दाराशी नव्हतं, म्हणून लोकांनी संस्था काढल्या. त्यात अनुदानित वर्ग आहेत, विनाअनुदानितही आहेत. एकाच छताखाली शिकणाऱ्या दोन पोरांपैकी कुणाला खाजगी म्हणायचं आणि कुणाला नाही? ही रेघ ग्रामपंचायत कुठं ओढणार?

आता थोडा हिशेब करू. समजा गावात बाहेरची ३,००० पोरं आहेत आणि पंचायतीनं माणशी वर्षाला १,००० रुपये लावले. कागदावर ३० लाख जमा दिसतात. आकडा मोठा वाटतो, हे खरं. पण ते देणार कोण? केंद्र सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे टनाला ३,५५० रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाणार. दोन पोरं शिकवणाऱ्या सभासदाचा वर्षाला अर्ध्या टनाहून जास्त ऊस या एका पट्टीत जाईल. जिरायती पट्ट्यातल्या, उसाचं टिपरूही नसलेल्या बापाचं काय होईल ते सांगायलाच नको. कारखान्यावर ऊस तोडायला येणाऱ्या मजुराचं पोरगं मोठ्या मुश्किलीनं कॉलेजला पोचलं असेल, तर ही हजाराची पावती त्याला कोणत्या तोंडानं द्यायची?

ऊस उत्पादक शिक्षणासाठी काहीच देत नाही, असंही कुणी म्हणू नये. १९६२ च्या कायद्यानं राज्यात शिक्षण उपकर आला. गावठाणातला मळेकरी असो की बागायतदार, उसासारख्या नगदी पिकाच्या बागायत जमिनीवर त्या कायद्यानं आकारणी ठरवली. ज्यानं उसावर शिक्षणाचा कर दिला, त्याच्याच पोरावर शिकतो म्हणून दुसरा कर, हा कुठला न्याय?

आणि सरकारचं धोरण तरी पाहा. फीच्या नावाखाली पालकाची लूट होऊ नये म्हणून राज्यानं १९८७ साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशावर आणि फीवर नियंत्रण ठेवण्यासाठी २०१५ साली आणखी एक कायदा झाला. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून, ज्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ करण्याचा निर्णय झाला. राज्य एका हातानं मुलीची फी माफ करतं आणि गाव दुसऱ्या हातानं पावती फाडतं, हे शोभेल का? आणि ध्यानात ठेवा, माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. गावच्या पट्टीची भरपाई कुठल्याही शिष्यवृत्तीत बसणार नाही. ती रोखीनंच द्यावी लागेल.

घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कुणाची शाळा सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. भाऊ आणि बहीण दोघं कॉलेजला असले, तर "पोरीचं राहू द्या यंदा" असं म्हणणारी तोंडं अजून गावोगाव आहेत. हजार रुपये ही रक्कम मोठी नसेल, पण असं बोलायला निमित्त मात्र पुरेसं आहे.

ज्याला मत नाही त्याच्यावर कर

सहकारात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन कळावी. कारखान्यात उसाच्या बिलातून कपाती होतात. त्या कुणाला गोड लागत नाहीत, पण त्यांचा जाब आपण वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारू शकतो. एका सभासदाला एक मत. कपात नको असेल तर उभं राहून "नामंजूर" म्हणता येतं, आणि पाच वर्षांनी संचालक मंडळच बदलता येतं. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोराला त्या गावच्या ग्रामसभेत काय स्थान? बहुतेकांचं नाव मतदार यादीत आपल्या घरच्या गावी असतं. त्याच्यावर पट्टी बसवणाऱ्या सदस्याला तो निवडून देत नाही आणि पाडूही शकत नाही. म्हणूनच ही पट्टी सोपी वाटते. ज्याचा आवाज नाही, त्याच्याकडून पैसे काढायला कुणाला भीती वाटत नाही.

आणि हे चक्र आहे हे विसरू नका. आज माळेगावात करमाळ्याचं पोरगं शिकतं, तर आपलं पोरगं पुण्यात, कराडला, सांगलीला शिकतं. आपण इथं पट्टी लावली तर उद्या त्यांनीही तिथं लावली म्हणून कोणत्या तोंडानं ओरडणार? शहराच्या वेशीवर मालावर जकात घेण्याची पद्धत आपण पाहिली आहे. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली आणि उरलीसुरली २०१७ साली जीएसटीबरोबर गेली. मालावरचे नाके उठले, आता पोरांसाठी नाका उभा करायचा काय?

मग गावानं पैसा आणायचा कुठून?

नुसतं "नको" म्हणून भागत नाही. गावाची अडचण खरी आहे, तर उपायही सांगितला पाहिजे. आम्हांला चार मार्ग सुचतात.

पहिला मार्ग संस्थेशी कराराचा. प्रॉव्हिडन्सनं अखेर जे केलं, तेच आपण पहिल्यापासून करावं. ग्रामपंचायत आणि संस्था यांनी समोरासमोर बसून लेखी ठरवावं. संस्थेनं आपल्या आवारातला कचरा स्वतः जिरवावा, सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागेला वापरावं, रस्त्याच्या डागडुजीला दरसाल ठरावीक रक्कम द्यावी. मात्र ती रक्कम संस्थेनं गुपचूप फीमध्ये चढवू नये, असं कलम करारात हवंच.

दुसरा मार्ग सेवेच्या मापाचा. मोठ्या वसतिगृहाच्या नळाला मीटर बसवा आणि जेवढं पाणी तेवढी पट्टी इमारतीकडून घ्या. कॉट बेसिसवर वीस-वीस पोरं ठेवणारी घरं गावच्या दप्तरी साधी राहती घरं म्हणून नोंदलेली असतील, तर त्यांची पाहणी करून आकारणी दुरुस्त करा. ही कमाई करणाऱ्याची पट्टी आहे, शिकणाऱ्याची नव्हे. यात आपलेच काही सभासद येतील आणि त्यांना हे रुचणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. पण न्याय म्हटला की तो आपल्यापासून सुरू व्हावा.

तिसरा मार्ग जनगणनेचा, आणि तो आमच्या मते सगळ्यांत मोलाचा. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून पुढची जनगणना करण्याची अधिसूचना केंद्र सरकारनं १६ जून २०२५ रोजी काढली. जनगणनेत वसतिगृहासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांची मोजणी ते राहतात तिथंच करायची असते. गावानं हे काम अंगावर घेऊन प्रत्येक वसतिगृह, प्रत्येक भाड्याची खोली त्या मोजणीत आणली, तर लोकसंख्येच्या मापानं येणाऱ्या निधीत त्या पोरांची नोंद होते. विद्यार्थ्याच्या खिशातून एक रुपया न घेता त्याचा वाटा दिल्ली-मुंबईहून गावात येण्याची ही सरळ वाट आहे. पट्टीपायी पोरं खोल्या लपवतील, नावं लपवतील. मोजणीसाठी ती उघड असणंच गावाच्या फायद्याचं आहे.

चौथा मार्ग श्रमाचा आणि स्वेच्छेचा. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं दूरच्या गावी होतात, त्यातलं एक कॉलेजच्या गावातच घ्यावं. इंजिनिअरिंगच्या पोरांनी गावच्या नळयोजनेचा नकाशा काढून द्यावा, शेती कॉलेजच्या पोरांनी माती परीक्षणाला हात लावावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून त्यांनी वसतिगृहं चालवली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. त्या मुठीत सक्ती नव्हती, म्हणून ती वाढत गेली. गरिबांच्या घरच्या मुठीनं पोरं शिकवण्याची ही परंपरा आहे. त्याच पोरांकडून मूठ मागण्याची वेळ आपण आपल्यावर आणू नये.

सभासदांना विनंती

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कर बसवण्याआधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. त्या नोटिशीकडं आपण सहसा वळूनही पाहत नाही आणि मग पावती आली की बोंब मारतो. तसं होऊ देऊ नका. आपल्या गावात असा विषय निघाला, तर सभेला जा, आणि एकट्यानं न जाता घरातल्या शिकणाऱ्या लेकीलाही बरोबर न्या. तिला बोलू द्या. सरपंचाशी भांडू नका. त्याची अडचण मान्य करा, वर दिलेले चार मार्ग त्याच्यापुढं ठेवा आणि लेखी हरकत द्या. हरकतीचा अर्ज कसा लिहावा हे कुणाला अडलं, तर कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही पोराला सांगा, तो लिहून देईल. त्याच्या शिक्षणाचा गावाला तेवढा तरी उपयोग झालाच पाहिजे.

ज्या भागानं पाण्याचा थेंब अडवून ऊस उभा केला, उसातून कारखाना आणि कारखान्याच्या आधारानं कॉलेजं उभी केली, त्या भागानं कॉलेजच्या दारात पावतीपुस्तक घेऊन बसू नये. बाहेरून शिकायला येणारं पोरगं पाहुणं आहे, आणि उद्या तेच कुठंतरी आपल्या पोराचा शिक्षक, डॉक्टर किंवा साहेब असणार आहे.

 जय सहकार!